'मी बॉयलर दुरुस्त केला' : इंग्रजीत काम 'करून घेतलं' हे कसं सांगायचं?

माणदेशी_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न व्याकरणाचा आहे, पण आधी काय घडलं ते सांगते.

माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे; २००० साली राज्यात ते पहिलीपासून सुरू झालं तेव्हा मी आठवीत होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली तीन वर्षं इंग्लंडात लेस्टरला राहतो. दुकानात, मुलीच्या शाळेत, शेजारीपाजारी माझं इंग्रजीवाचून काही अडत नाही. पण मागच्या महिन्यात चार शब्दांच्या एका वाक्याने मला चांगलाच घोर लावला.

ऐन थंडीत घरातला गॅसचा बॉयलर बंद पडला. घरमालक परगावी होते, फोन लागेना. मी रीतसर नोंदणी असलेला माणूस शोधून बोलावला, त्याने तासाभरात काम केलं, पैसे मी दिले. रात्री घरमालकांना मेल केली, 'आय रिपेअर्ड द बॉयलर.' खाली रक्कम लिहिली, पावती जोडायची राहिली.

सकाळी त्यांचं उत्तर आलं ते वाचून हातपाय गार पडले. तुम्हाला गॅसच्या उपकरणाला हात लावायला कोणी सांगितलं, हे बेकायदेशीर आहे, आजपासून बॉयलर बंद ठेवा, मी तपासायला माणूस पाठवतो. आणि त्यांचं चूक नव्हतं. इथे गॅसचं काम 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नोंद असलेल्या माणसानेच करायचं असा कायदा आहे, आणि भाड्याच्या घरातल्या गॅसच्या उपकरणांची दर वर्षी तपासणी करून घेणं मालकावर बंधनकारक आहे. त्यांना दिसलं ते एवढंच, की भाडेकरू बाई पाना घेऊन बॉयलर उघडून बसली.

पावती पाठवल्यावर गैरसमज मिटला. शेजारच्या आजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'यू हॅड इट रिपेअर्ड, डिअर.' तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे वाक्य मी शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. वेळेला मात्र आठवलं नाही, कारण मनात मराठी वाक्य होतं 'बॉयलर दुरुस्त केला', आणि मराठीत त्यात काहीच चूक नाही.

तर जाणकारांनी सांगावं. 'हॅव' कधी, 'गेट' कधी, आणि साधं क्रियापद कधी चालतं? पुस्तकातला नियम मला पाठ आहे. तो तोंडात कसा बसवायचा, हे हवंय.

खडू_फळा

माणदेशी लेक, तुम्ही दुखण्याचं मूळ स्वतःच सांगितलंत. मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

मराठीत आपण 'केस कापले', 'दात काढला', 'ड्रेस शिवला', 'बाळाचे कान टोचले' असं सरळ म्हणतो. ऐकणाऱ्याला माहीत असतं की केस न्हाव्याने कापले, दात डॉक्टरांनी काढला आणि कान सोनाराने टोचले. आपल्याकडे तर म्हणच आहे, सोनारानेच कान टोचावे लागतात. कामाचा कर्ता कोण हे समाजाला ठाऊक, म्हणून ते क्रियापदाने सांगायची गरज पडत नाही. गरज पडली तर 'कापून घेतले', 'करवून घेतलं' आहेच.

इंग्रजी अशा ठिकाणी ते क्रियापदातच सांगून टाकते. सूत्र तुम्हाला पाठ आहे: हॅव किंवा गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'आय हॅड माय टूथ पुल्ड.' 'वी आर हॅविंग द हाउस पेंटेड.' 'शी गॉट हर पासपोर्ट रिन्यूड.' माझे विद्यार्थी सूत्र चुकत नसत, जागा चुकत. वस्तू मध्येच यायला हवी. 'आय हॅड माय हेअर कट' म्हणजे केस कापून घेतले. 'आय हॅड कट माय हेअर' म्हणजे केस मी आधीच कापले होते, तेही स्वतः. शब्द तेच पाच, एकाची जागा बदलली की कात्री दुसऱ्याच्या हातातून आपल्या हातात येते.

आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं 'आय गॉट रिपेअर्ड माय मोबाइल' यातूनच येतं. मराठीत 'दुरुस्त करून घेतला' हे एकजीव असतं, म्हणून आपण इंग्रजीतही 'गॉट रिपेअर्ड' एकत्र बांधतो आणि मोबाइल बाहेर ठेवतो. मोबाइल आत घ्या: 'आय गॉट माय मोबाइल रिपेअर्ड.'

प्रश्न विचारताना आणि नकार देताना 'डिड' लागतो, हेही लक्षात असू द्या. 'डिड यू हॅव इट चेक्ड?' 'आय डिडन्ट हॅव इट चेक्ड.' इथला 'हॅव' मुख्य क्रियापद आहे, सहायक नाही. म्हणून तर 'आय हॅव हॅड माय आइज टेस्टेड' असे दोन 'हॅव' लागोपाठ येऊ शकतात. पहिला काळ दाखवतो, दुसरा 'करून घेणं'.

शेवंती

वा सर, कान टोचण्याचं उदाहरण फार आवडलं.

मराठीत याहून बारीक छटा आहेत, त्या इंग्रजीत कशा न्यायच्या? मी शिवणकाम करते. माझी गिऱ्हाइकं म्हणतात, 'ब्लाउज शिवायला टाकलाय.' म्हणजे काम माझ्या हातात आहे, अजून झालेलं नाही. झाल्यावर 'शिवून आला' म्हणतात, जणू ब्लाउज स्वतःच चालत घरी गेला. गाडी सर्व्हिसिंगला टाकतो, दळण गिरणीतून दळून आणतो, बांगड्या सोनाराकडून घडवून घेतो. टाकणं, आणणं, घेणं, येणं, प्रत्येकात कामाची वेगळी पायरी आहे.

खडू_फळा

शेवंतीताई, हे मी कधी वर्गात सांगितलं नाही याची आता चुटपुट लागली. ही पायरी इंग्रजी बहुतेक वेळा काळावर टाकते. 'शिवायला टाकलाय' हे 'आय ॲम हॅविंग अ ब्लाउज मेड', 'शिवून आला' हे 'आय हॅव हॅड अ ब्लाउज मेड'. दळण मात्र 'आय गॉट द व्हीट ग्राउंड' एवढ्यावर भागवावं लागेल. त्यात गिरणीची रांग आणि घरी आणलेला गरम पिठाचा डबा दोन्ही हरवतात.

कातळशिल्प

थोडी वेगळी बाजू मांडतो. इंग्रजी नेहमीच एवढी काटेकोर असती तर 'शिवाजी बिल्ट रायगड' हे वाक्य चूक ठरलं असतं. इंग्रजी पुस्तकांत अशीच वाक्यं असतात. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव तर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर कोरलेलं आहे, 'सेवेचे ठायी तत्पर'. म्हणजे करवून घेणारे महाराज, करणारे हिरोजी, आणि इंग्रजी क्रियापद साधंच. 'दे बिल्ट अ हाउस इन नाशिक' यातही कोणी स्वतः विटा रचलेल्या नसतात. मग बॉयलरलाच हा नियम का?

खडू_फळा

प्रश्न मोलाचा आहे. मला वाटतं, फरक गैरसमज होऊ शकतो की नाही याचा आहे. गड कोणी एकट्याच्या हाताने बांधत नाही. तिथे 'बिल्ट' म्हटलं की ज्याची इच्छा, ज्याचा खर्च, ज्याचा निर्णय, त्याला कर्तेपण मिळतं. पालिकेने पूल बांधला, राजाने देऊळ बांधलं, आमच्या मामांनी बंगला बांधला, सगळीकडे साधं क्रियापद चालतं. पण बॉयलर, नळ, केस, ब्लाउज ही कामं एकटा माणूस स्वतःही करू शकतो. दोन शक्यता उभ्या राहिल्या की इंग्रजीला त्यातली कोणती ते शब्दांत हवं असतं.

तिथेही भिंत पक्की नाही. 'डिड यू कट युअर हेअर?' असं इंग्रज माणूसही मैत्रिणीला विचारतो आणि न्हाव्याकडचे केसच त्याला अभिप्रेत असतात. केसांची गोष्ट घरगुती, चुकली तरी नुकसान नाही. गॅसच्या बाबतीत तसं बोलून चालत नाही. आणि रायगडाबद्दल कोणाला हिरोजींची आठवण वाक्यातच ठेवायची असेल तर 'शिवाजी हॅड रायगड बिल्ट बाय हिरोजी' म्हणता येईलच. मराठीतला 'कडून' तिथे 'बाय' होतो.

रानमोगरा

केसांवरून आठवलं. २०२० च्या टाळेबंदीत सलून बंद होती तेव्हा मी नवऱ्याचे केस कापले. तो फोनवर भावाला म्हणाला, 'केस कापले.' भाऊ ताडकन म्हणाला, 'सलून कुठलं उघडं होतं?' मग सांगावं लागलं, 'घरीच, हिने कापले.' जगातली रीत बदलली तशी आपल्या मराठी वाक्यालाही जास्तीचे शब्द लागले. एरवी ते काम न्हाव्याच्या अस्तित्वाने होत होतं.

कातळशिल्प

रानमोगरा, +१. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या प्रतिसादात मिळालं.

वॉर्ड_नंबर_सात

मी परिचारिका आहे, आता आखाती देशात. आमच्याकडे हा फरक जिवाशी येतो, म्हणून लिहिते.

आपले रुग्ण म्हणतात, 'मी सोनोग्राफी केली', 'मी रक्त तपासलं', 'माझं ऑपरेशन झालं'. मराठीत सगळं स्वच्छ कळतं. नव्याने आलेल्या आपल्या मुली तेच इंग्रजीत लिहितात, 'पेशंट रिमूव्ड गॉलब्लॅडर'. रुग्णाने पित्ताशय काढलं! लिहायला हवं 'पेशंट हॅड हर गॉलब्लॅडर रिमूव्ड', पुढे साल. मी नव्या मुलींना एवढंच सांगते: शरीरावर दुसऱ्या कोणी काही केलं असेल तर रुग्णाच्या नावानंतर आधी 'हॅड' लिही, मग पुढचं आठव. ही सवय लागली की निम्म्या चुका जातात.

नाम वापरलं तर आणखी सोपं. 'शी हॅड ॲन एक्स-रे', 'ही हॅड सर्जरी'. तिथे तिसऱ्या रूपाची गरजच उरत नाही.

माणदेशी_लेक

ताई, हे मी वहीत लिहून घेतलं. पण मग एक शंका. परवा शाळेच्या फाटकापाशी एक आई सांगत होती, 'आय हॅड माय फोन स्टोलन ऑन द ट्रेन.' सूत्राप्रमाणे याचा अर्थ 'मी माझा फोन चोरून घेतला' असा होईल! तिने चोर का नेमला असेल?

खडू_फळा

नाही, नेमला नाही. शंका अगदी योग्य जागी आली.

हीच रचना दोन गोष्टी सांगते. एक, मी व्यवस्था केली आणि काम झालं. दुसरी, माझ्या वस्तूला काही झालं आणि ते मला सोसावं लागलं. दोन्हीत समान धागा हा की घटना माझ्या वस्तूवर घडली आणि तिचा परिणाम माझ्यापर्यंत आला. फोन चोरीला गेला, घराचं छप्पर वाऱ्याने उडालं, व्हिसाचा अर्ज फेटाळला गेला: 'शी हॅड हर व्हिसा रिफ्यूज्ड'. इथे व्यवस्था करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण असलं काम कोणी सांगून करवत नाही. वाक्याचा साचा एक, अर्थ संदर्भाने ठरतो. म्हणजे पाहा, न्हाव्याच्या बाबतीत जो विश्वास मराठी ऐकणाऱ्यावर टाकते, तोच चोराच्या बाबतीत इंग्रजी टाकते.

मराठीत अशा वेळी आपण वाक्याचा कर्ताच बदलतो. 'माझा फोन चोरीला गेला.' 'मी' मागे सरकतो, फोन पुढे येतो. इंग्रजीत 'मी' जागेवर राहतो.

हिंजवडी_फाटा

'गेट'चा अनुभव सांगतो. एका परदेशी ग्राहकाला मेलमध्ये 'वी हॅड द टेस्टिंग डन' लिहिलं. 'हॅड' जास्त औपचारिक वाटला म्हणून. लगेच उलट विचारणा, 'टेस्टिंग कोणत्या कंपनीला दिलं? आमची माहिती बाहेर गेली का?' खरं तर आमच्याच टीमने दोन रात्री जागून केलं होतं. नंतर वरिष्ठांनी सांगितलं, 'वी गॉट द टेस्टिंग डन' लिहिलं असतंस तर हा प्रश्न आलाच नसता. हे बरोबर आहे का सर?

खडू_फळा

बरोबर आहे. 'हॅव'मध्ये काम दुसऱ्याने केल्याचा सूर पक्का असतो. 'गेट'मध्ये काम तडीस नेल्याचा सूर असतो; मग ते दुसऱ्याकडून असो की स्वतः खपून. 'आय गॉट द रिपोर्ट फिनिश्ड' म्हणजे मीच बसून तो एकदाचा हातावेगळा केला. आपलं 'करून घेणं'ही असंच दुहेरी आहे. 'अभ्यास करून घे' म्हणजे स्वतः कर, 'प्लंबरकडून करून घे' म्हणजे त्याला करायला लाव. म्हणून मराठी माणसाच्या जिभेला 'गेट' जवळचा वाटतो, आणि बोलताना तो वापरायला काही हरकत नाही. खटपट, पाठपुरावा, चार हेलपाटे झाले असतील तर 'गेट'च शोभतो: 'आय फायनली गॉट द सातबारा करेक्टेड.' पण तुमच्या मेलमध्ये सगळ्यात स्वच्छ वाक्य होतं 'वी टेस्टेड इट अवरसेल्व्ज'. केलं तुम्ही, तर सांगा तुम्हीच केलं.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून एक पुस्ती. इथे 'इश लासे मिअर दी हारे श्नायडेन' म्हणजे केस कापून घेतो. त्यातलं 'लासे' गाळलं की ऐकणारे माझ्या हातात कात्री आहे असंच धरतात. पहिल्या वर्षी मी रोज गाळत होतो.

जुनी_पोथी

वस्तूच्या जागेबद्दल खडू_फळा सरांनी जे लिहिलं त्यामागे इंग्रजीचा मोठा इतिहास आहे, म्हणून थोडं विषयाच्या कडेने जातो.

आज 'आय हॅव कॉट द फिश' हा पूर्ण काळ आहे. जुन्या इंग्रजीत, सुमारे हजारेक वर्षांपूर्वी, अशा वाक्यात 'हॅव'चा अर्थ खरोखर 'जवळ असणं' असा होता. मासा माझ्याजवळ आहे, पकडलेल्या अवस्थेत. 'पकडलेला' हे रूप माशाचं विशेषण होतं आणि त्याला माशाच्या विभक्तीप्रमाणे प्रत्ययही लागे. पुढे ते विशेषण 'हॅव'ला चिकटत गेलं, वस्तू मागे गेली आणि त्यातून पूर्ण काळ घडला. 'आय हॅड माय हेअर कट'मध्ये मात्र वस्तू अजून मध्येच आहे आणि 'कट' हे केसांबद्दलच बोलतं. एकाच मुळाच्या दोन फांद्या. म्हणूनच जागा बदलली की अर्थ बदलतो. हे कळल्यापासून मला नियम पाठ करावा लागला नाही. केसांना मी मनात विचारतो, तुमची अवस्था काय? कापलेले. मग 'कट' त्यांच्या शेजारी.

माणदेशी_लेक

जुनी_पोथी, पकडलेला मासा कायम लक्षात राहील.

आता शेवटची शंका, माणसांबद्दल. 'मुलीला अभ्यासाला बसवलं' हे मी तिच्या बाईंना कसं सांगू? मी 'आय मेड हर टू सिट' म्हणाले तेव्हा बाईंच्या कपाळाला आठी पडली.

खडू_फळा

दोन गोष्टी झाल्या. 'मेक'नंतर 'टू' येत नाही, 'आय मेड हर सिट'. कर्मणी केलं की मात्र 'टू' परत येतो, 'शी वॉज मेड टू सिट'. पण आठी बहुधा त्यामुळे नसावी. 'मेक'मध्ये जबरदस्ती आहे, मूल नको म्हणत असताना बसवलं असा अर्थ निघतो.

मराठीत 'बसवलं' हे प्रयोजक क्रियापद एकच, आणि कसं बसवलं ते आपण पुढे जोडतो: दटावून बसवलं, गोड बोलून बसवलं. इंग्रजीत क्रियापदच बदलतं. मनधरणी केली असेल तर 'आय गॉट हर टू सिट', इथे 'टू' हवाच. नुसतं सांगितलं आणि ती बसली, तर 'आय हॅड हर सिट', 'टू' नको. हा शेवटचा प्रकार अमेरिकेत जास्त चालतो. तुमच्या लेस्टरला 'गेट समवन टू' अधिक कानावर येईल. बाईंना 'आय गॉट हर टू सिट डाउन अँड स्टडी' सांगा.

वॉर्ड_नंबर_सात

सर, 'आय वोन्ट हॅव यू टॉकिंग टू हर लाइक दॅट' हे यातच बसतं का? आमच्या मेट्रन एकदा एका नातेवाइकाला असं म्हणाल्या होत्या. स्वर एवढा ठाम की अर्थ विचारायची गरज पडली नाही, पण रचना तेव्हापासून मनात अडकून आहे.

खडू_फळा

बसतं, आणि त्याला मराठीत नेमका शब्द आहे: 'तिच्याशी असं बोललेलं मी चालवून घेणार नाही.' आपलंही 'घेणं' तिथे हजर आहे पाहा. नकारातला हा 'हॅव' म्हणजे खपवून घेणं.

शेवंती

'चालवून घेणं'! माझ्या मुलाला हे आज रात्रीच सांगते, त्याच्या दहावीच्या इंग्रजीला उपयोगी पडेल.

माणदेशी_लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल न्हाणीघराचा नळ गळायला लागला. घरमालकांना ही मेल लिहिली, पाठवण्याआधी इथे टाकते:

'द बाथरूम टॅप इज लीकिंग. शुड आय हॅव इट फिक्स्ड, ऑर विल यू गेट समवन टू लुक ॲट इट?'

खडू_फळा

एकही शब्द बदलू नका. पाठवा.

माणदेशी_लेक

पाठवली. दहा मिनिटांत उत्तर आलं: 'प्लीज हॅव इट फिक्स्ड अँड सेंड मी द बिल.' प्लंबर उद्या सकाळी नऊला येतोय. पावती या वेळी पहिल्याच मेलला जोडणार.